गाऱ्हाण्यांची वही

७ जून २०२५, शनिवार

वही आजपासून. राजापूरने विचारलं, "दादा, मागच्या पावसात तिसऱ्या बॉसला आपण काय केलं होतं?" आणि आठांपैकी एकालाही आठवेना. तेव्हा लिहून ठेवायचं ठरलं. आम्ही आठ जण मिळून एक ऑनलाइन खेळ खेळतो, त्यातले मोठे शत्रू म्हणजे बॉस. खेळाचं नाव लिहायचं नाही, ते आठही जणांना ठाऊक आहे. माणसांचीही नावं नाहीत, गावं लिहायची.

हर्णै टँक, म्हणजे बॉसचा मार अंगावर घेणारा. बोटीवर खलाशी आहे, त्यामुळे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेवढेच दिवस घरी. चिपळूण पहिली हीलर, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारी. तिला सगळे ताई म्हणतात, तिच्याहून वयाने मोठा देवगडसुद्धा. मालवण दुसरा हीलर, पावसात त्याचं स्कूबा बंद. गुहागरचं होमस्टे, या दिवसांत गिऱ्हाईक नाही. देवगडचा आंबा उतरून झाला. वेंगुर्ला काजूच्या कारखान्यात. राजापूर कॉलेजात, सगळ्यांत लहान. मी रत्नागिरी, मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, आणि रेडमधला, म्हणजे आठांच्या मोहिमेतला, मुकादम.

म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची ही आठ माणसं एकाच वेळी मोकळी सापडतात ती फक्त पावसात, आणि लाईट सर्वांत जास्त जाते तीही पावसातच. बंदीच्या ६१ दिवसांत शनिवार येतात ८. एवढ्यात चार बॉस पाडायचे.

आज पहिले दोन पाडले. तिसऱ्याच्या आधीचं दार उघडलं: जमिनीवर गोल रिंगण आहे, गटातल्या सगळ्यांनी त्यात उभं राहायचं, मग दार उघडतं. बॉसपुढे अकरा वेळा सगळे मेलो, पण दर खेपेला थोडं पुढे जाऊन. रात्री १२ ला मालवण म्हणाला, "रापण अशीच आसता. दोन्ही दोरांवर माणसा व्हयी." रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं. झोपायला १ वाजला. झकास रात्र.

११ जून, बुधवार

काल रात्री पॅच, म्हणजे कंपनीने पाठवलेली खेळातली दुरुस्ती, आला. अमेरिकेतला मंगळवार सकाळचा मेंटेनन्स आपल्याकडे मंगळवारी रात्री लागतो. साडेसहा जीबी. हर्णैचं सगळं मोबाइल डेटावर चालतं आणि त्याला दिवसाला २ जीबी मिळतात. तो उद्या दाभोळला मेहुण्याकडे लॅपटॉप घेऊन जाणार.

पॅचच्या यादीत पंचेचाळीस कलमं. त्यातली तीस-एक शस्त्रं आणि पोशाखांची. आमच्या कामाचं एकच: "ग्रुप कंटेंटमधली स्थिरता सुधारली." काय बिघडलं होतं आणि काय सुधारलं, ते नाही.

१४ जून, शनिवार

वाईट रात्र. ९:४० ला गुहागरची लाईट गेली, ९:४८ ला आली, तो परत आत आला. दारापाशी पोहोचलो. आठही रिंगणात. दार बंद.

पुढे-मागे सरकलो. एकेकाने बाहेर जाऊन परत आत यायचं, असं करून पाहिलं. मालवण: "दार उघडणा नाय रे. आपला काय चुकला ता सांग." शेवटी देवगड राजापूरवर घसरला, "तू कडेला उभा राहतोस नेहमी, पाय बाहेर असतो तुझा." राजापूर म्हणाला आत आहे. देवगड म्हणाला, दिसतंय मला. मीही मध्ये पडलो आणि मुकादमाने बोलू नये तसं बोललो. पोरगा कॉल सोडून गेला. १०:३५ ला संपलं.

१५ जून, रविवार

रेकॉर्डिंग पाहिलं. राजापूर रिंगणात होता, दोन्ही पायांनी, पूर्ण वेळ.

त्याला फोन केला. "असू दे दादा" म्हणाला. आवाज तसा नव्हता. देवगडलाही सांगितलं, त्याने रात्री ग्रुपवर फक्त हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याच्यापरीने ते खूप झालं.

बिघडलेल्या पॅचची खरी खोट मला ही वाटते. एकट्याने खेळताना काही अडलं की आपण खेळाला शिव्या देतो. आठ जण असले की आधी शेजाऱ्याकडे बघतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये सीथून नावाचा बॉस होता, चाळीस जणांच्या रेडचा. जानेवारी २००६ मध्ये आला आणि एप्रिलपर्यंत जगात कुणाच्याने पडला नाही. मग कंपनीने त्याच्यात दुरुस्ती केली आणि तो पडला. मधल्या महिन्यांत किती गटांत किती राजापुरांना बोलणी बसली असतील!

१७ जून, मंगळवार

कंपनीकडे तक्रार टाकली. वीस मिनिटांत उत्तर, म्हणजे माणसाचं नव्हेच: कॅशे साफ करा, ड्रायव्हर अपडेट करा, खेळ काढून पुन्हा बसवा.

पुन्हा बसवायचा म्हणजे ८४ जीबी. हर्णैच्या २ जीबीच्या हिशोबाने ४२ दिवस. तोवर बंदी संपतच आलेली असेल.

२१ जून, शनिवार

दार उघडलं.

याचाच त्रास जास्त. कुणी काही वेगळं केलं नाही. तिसरा बॉस चौथ्या खेपेला पडला, चौथ्याचं तोंड पाहिलं, त्याचा जीव ६८ टक्क्यांपर्यंत खाली आणला. सगळे खूश, आणि देवगडचा सूर परत बदलला: "मग त्या दिवशी कुणाचं तरी चुकलंच असणार ना."

दरम्यान गुरुवारी एक हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती, आला होता. पैसे देऊन घ्यायच्या एका पोशाखाचा निळा रंग जांभळा दिसत होता, तो नीट केला. बुधवारी लोकांनी ओरड केली, गुरुवारी दुरुस्त.

२२ जून, रविवार

ताईने दुपारी मेसेज केला: "१४ ला गुहागरची लाईट गेली होती. काल कुणाचीच गेली नाही. एवढाच फरक आहे बघ." ती शाळेत गणित शिकवते. दोन शनिवारांवरून काही सिद्ध होत नाही, हेही तिनेच लिहिलं. मग करून बघायचं कसं? तर मुद्दाम लाईट घालवायची.

२८ जून, शनिवार

आज रेड नाही, प्रयोग. एक अख्खा शनिवार यात घालावा का यावर अर्धा तास वाद झाला. वेंगुर्ल्याचं म्हणणं, "कंपनीचं काम आपण फुकटात का करायचं?" त्याचं काही चूक नाही. मोठ्या खेळांचे टेस्ट सर्व्हर असतात, तिथे लोक हौसेने आधी जाऊन बघतात. पण ते ठरवून, आपल्या राजीखुशीने जातात. आम्हाला कुणी विचारलेलंच नाही, आमचा चालू खेळच टेस्ट सर्व्हर करून टाकलाय. शेवटी हर्णै म्हणाला, "जाळं फाटलं तर शिवायला बसतोच ना. जाळं विकणाऱ्याची वाट बघतो काय?" मग बसलो.

पद्धत: पहिले दोन बॉस मारून दारापाशी थांबायचं. एकाने बाहेर पडायचं, ठरलेल्या सेकंदांनी परत यायचं, मग आठांनी रिंगणात. राजापूरकडे स्टॉपवॉच. मागे लागून मागून घेतलं त्याने. मी वहीत लिहिणार.

पहिले तीन प्रयोग वाया. मी बाहेर पडायचो ते खेळ बंद करून, आणि परत आलो की दार छान उघडायचं. दीड मिनिट, तीन मिनिटं, पाच मिनिटं, काही फरक नाही. देवगडने जांभई दिली, ती कॉलवर ऐकू आली. तेव्हा गुहागर म्हणाला, "अरे पण माझी लाईट गेली होती. मी खेळ बंद कुठे केला?"

इथे माझी ट्यूब पेटली, आणि दुकानात रोज हेच बघणाऱ्या माणसाची आधी पेटायला हवी होती. खेळ बंद केला की कॉम्प्युटर जाता जाता सर्व्हरला सांगून जातो की जोडणी तोडतोय. लाईट गेली की सांगायला कुणी उरत नाही. सर्व्हरच्या लेखी माणूस अजून तिथेच आहे, नुसता गप्प आहे. पाहुणा "येतो हां" म्हणून उठला की ताट उचलता येतं. न सांगता मागच्या दाराने गेला तर ताट मांडलेलंच राहतं.

मग वायफाय बंद ठेवून मी राउटरची केबलच उपटली.

१० सेकंद: दार उघडलं. ३० सेकंद: उघडलं. ६०: उघडलं. ९०: बंद! कॉलवर असा ओरडा झाला की जणू चौथा बॉस पडला. ७५: बंद. ६५: एकदा उघडलं, एकदा नाही. ९० पुन्हा, या वेळी वेंगुर्ल्याने त्याची केबल उपटून: बंद. म्हणजे माझ्या मशीनचा दोष नाही.

पहिले तीन धरून अकरा प्रयोग, तीन तास दहा मिनिटं. प्रत्येक वेळी गट मोडून नवा करायला लागला, नाहीतर बिघडलेलं दार बिघडलेलंच राहायचं. त्यातून एक गोष्ट फुकट कळली: गट मोडून दुसऱ्या माणसाने नवा केला की सगळं सुरळीत. सहा मिनिटं जातात.

आमचा अंदाज असा. लाईट गेलेल्या माणसाची जागा सर्व्हर साधारण मिनिटभर राखून ठेवतो. त्यात परत आलात तर तुमच्याच जागेवर बसता. उशीर झाला तर नवी जागा मिळते, पण १० जूनच्या पॅचपासून जुनी पुसलीच जात नाही. दार मोजतं नऊ, रिंगणात उभे आठ. नववा म्हणजे गुहागरचं भूत.

आणि हे कंपनीत कुणाला का दिसलं नसेल, तेही कळतं. तपासणाऱ्याला सांगितलं असेल, माणूस बाहेर पडून परत येतो ते बघ. त्याने खेळ बंद केला, परत उघडला, दार उघडलं, खूण केली. त्याच्या इमारतीत लाईट जात नसणार. त्यातून तो एकटा, आणि बाकीचे सात बहुधा बाहुले.

३० जून, सोमवार

दुसरी तक्रार. ताईने मराठीत मुद्दे काढले, राजापूरने इंग्रजी केलं, मी व्हिडिओ जोडले. कुणी, किती सेकंद, कशा प्रकारे बाहेर, काय झालं, असा अकरा ओळींचा तक्ता. खेळ बंद केला तर बिघडत नाही, हे सर्वांत वर, ठळक. नाहीतर ते पुन्हा तेच करून बघतील आणि "आमच्याकडे होत नाही" म्हणतील. दुकानात मीही गिऱ्हाइकाला हेच वाक्य ऐकवतो, तेव्हा मला त्याची किंमत माहीत आहे.

पाठवण्याआधी मालवणने कॉलवर गाऱ्हाणं घातलं, देवळात घालतात तसं, खड्या आवाजात:

"बा देवा सर्व्हरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही आठ लेकरां तुज्या दारात उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"लाईट गेली म्हणान जो कोण भायर पडलो, तेचा भूत रिंगणात उभ्या आसा, ता आधी काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ताई हसून हसून म्यूट झाली. वहीचं नाव त्यावरून.

५ जुलै, शनिवार

मंगळवारी पॅच. या वेळी साडेतीन जीबी. यादीत: "काही परिस्थितीत दार न उघडण्याची अडचण दूर केली." आमचा उल्लेख नाही, तो नकोच होता. आनंद झाला, खोटं का बोलू.

आज दारापाशी गेलो तर ते उघडंच. रिंगणात कुणी जायच्या आधी. मोजायचंच सोडून दिलेलं दिसतं. डोकं दुखतं म्हणून डोकंच काढलं.

आता आत जावं का? देवगड: जाऊ या, आपण थोडंच तोडलंय. ताई: अशा दारातून गेल्यावर खाती बंद केलेली ऐकली आहेत, आणि माझं खातं सहा वर्षांचं आहे. हर्णै: माझे शनिवार चारच उरलेत. मत घेतलं, पाच विरुद्ध तीन, जायचं. मी जाण्याच्या बाजूने होतो.

आत तिसरा बॉस उभा. मारला तर लागत नाही, तोही मारत नाही. जागाच होईना. त्याला उठवायचं काम त्या दाराच्या उघडण्याला बांधलेलं असणार, आणि दार तर मुळात उघडलंच नाही, ते उघडं होतं. पाऊण तास त्याच्याभोवती फिरलो. राजापूर त्याच्या खांद्यावर चढून नाचला. त्याचा स्क्रीनशॉट काढला, या महिन्यातली तेवढीच लूट.

राजापूरला काळजी की अशा पॅचने कॉम्प्युटरच बिघडला तर? हसण्यावारी नेलं नाही मी. डिसेंबर २००७ मध्ये ईव्ह ऑनलाइनच्या एका पॅचने विंडोज एक्सपीची बूट डॉट आयएनआय ही फाइल उडवली होती. खेळाचीही त्याच नावाची एक फाइल होती. काढायची होती ती, निघाली विंडोजची. लोकांनी मशीन बंद करून चालू केली तर सुरूच होईनात. नुसता एक चुकीचा पत्ता. कंपनीने माफी मागितली आणि कसं घडलं ते सविस्तर लिहून सांगितलं. मला त्या चुकीचा राग येत नाही. माझ्या हातूनही गिऱ्हाइकाचे फोटो गेलेले आहेत एकदा. पण मी त्याच्या घरी गेलो होतो सांगायला.

१२ जुलै, शनिवार

ताईच्या मुलाला ताप. रेड नाही.

१६ जुलै, बुधवार

पॅच. आधीची दुरुस्ती मागे घेतली. दार पुन्हा मोजतं, म्हणजे भूतही परत आलं. यादीत यातलं अक्षर नाही. मी केबल उपटून बघितलं तेव्हा कळलं. आता ही सवयच लागली.

तेव्हा आता आपल्या बाजूने जे होईल ते. दुकानातून राउटरचे छोटे १२ व्होल्टचे यूपीएस काढले, खरेदीच्या भावात. गुहागर, वेंगुर्ला आणि देवगडला एसटीने पाठवले. गुहागरला डेस्कटॉप बाजूला ठेवून पुतण्याचा लॅपटॉप घ्यायला लावला. चिपळूणला गरज नाही: ताईचं सगळं २०२१ च्या पुरानंतर माडीवर गेलं, इन्व्हर्टरसकट.

वेंगुर्ल्याचं मात्र यूपीएसने भागणार नाही. फायबर थेट घरात येत असेल तर मधे कुठे वीज लागत नाही. त्याच्याकडे केबलवाल्याचा डबा खांबावर आहे, गावची लाईट गेली की तो डबाही जातो. त्याने मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच चालू ठेवायचा. तरी वळायला मिनिट लागतं, म्हणजे ६५ च्या आतबाहेर. बघू.

१९ जुलै, शनिवार

लाईट तीनदा गेली: गुहागर दोनदा, देवगड एकदा. तिन्ही वेळा कुणी हललं नाही. गुहागर अंधारात बसून खेळत होता, मागे बायको मेणबत्ती शोधतेय ते ऐकू येत होतं. वेंगुर्ला एकदा गेला, ७० सेकंदांनी आला. गट मोडला, ताईने नवा केला, सहा मिनिटं. कुणी कुणाला बोललं नाही.

तिसरा पडला. चौथा ३१ टक्के.

देवगडने मधेच राजापूरला म्हटलं, "तू रिंगणात मधोमध उभा राहा रे, मला बघून बरं वाटतं." यावर राजापूर काय म्हणाला ते लिहीत नाही.

२६ जुलै, शनिवार

बंदीतला शेवटचा. हर्णै दुपारभर बोटीवर होता, जाळी चढवायची, इंजिनाचं तेल, बर्फाची सोय. ९:१५ ला आला, हाताला ग्रीस. पहाटे ५ ला परत जेटीवर जायचं होतं.

चौथा बॉस: २७, २२, ४०, १९, १४. दर खेपेला साडेनऊ मिनिटं. ११:५० ला ९ टक्के. सगळे गप्प झाले, म्हणजे आता होणार. पुढच्या खेपेला ११ वर असताना बॉसने जी विजेची साखळी टाकायची ती आमच्यावर पडायच्या ऐवजी स्वतःवर टाकली आणि तो पूर्ण बरा झाला. शंभर टक्के. असं याआधी कधी झालं नव्हतं. १६ च्या पॅचने आलं असेल किंवा आधीपासून असेल. त्या पॅचआधी आम्ही इथवर पोहोचलोच कुठे होतो.

हर्णै म्हणाला, "आणखी एक." आणखी तीन झाले. १७, १२, आणि दीड वाजता १० टक्के. मग तोच म्हणाला, "चला, उठतो आता."

२७ जुलै, रविवार

हिशोब, एकदा मांडून ठेवतो. आठ शनिवारांतले धड खेळलो ते चार. प्रयोगात एक, बंद दारापुढे एक, उघड्या दारापुढे एक, तापात एक. तापाबद्दल कुणाची तक्रार नाही.

ताईने विजेच्या साखळीचं तिसरं गाऱ्हाणं लिहायला घेतलंय. एकदाच घडलं, आमच्याकडे व्हिडिओ एकच. ती म्हणते, पाठवू तरी.

१ ऑगस्ट, शुक्रवार

बोटी गेल्या. हर्णैने जेटीवरून फोटो टाकला, मागे झेंडे. त्याच्या जागी टँक कुणी शोधायचा नाही, असं न बोलता ठरलेलं दिसतं. मी विषय काढला तर मालवणने पावसाचं काढलं.

६ ऑगस्ट, बुधवार

पॅच. सव्वादोन जीबी. कलम ३८: "जोडणी अचानक तुटून एका मिनिटानंतर परतलेल्या खेळाडूची जुनी जागा गटात मोजली जात असे, ते दुरुस्त केले."

"अचानक तुटून." "एका मिनिटानंतर." कुणीतरी वाचलं तर.

दुकान उघडायच्या आधी तपासलं. मी, राजापूर, ताई, गुहागर, आणि दारापर्यंत यायला वेंगुर्ल्याच्या ओळखीतले तिघे. केबल उपटली, ९० सेकंद, परत. उघडलं. दोन मिनिटं. उघडलं. गुहागरने तर मेन स्विचच पाडला, बायकोची बोलणी खाल्ली. उघडलं.

विजेच्या साखळीबद्दल काही नाही.

कलम ३८ चा फोटो हर्णैला पाठवला. एकच टिक. रेंजच्या बाहेर असणार, दोन-तीन दिवसांनी येतील परत.